विमान चौकातल्या मिग-२१ ला कारंजं बसवण्याआधी

प्रति,
मा. नगराध्यक्ष, मा. मुख्याधिकारी आणि सर्व नगरसेवक,
आपली नगरपालिका

स. न. वि. वि.

एस. टी. स्टँडसमोरच्या विमान चौकाच्या सुशोभीकरणाचा ठराव सर्वसाधारण सभेत मंजूर झाल्याचं पेपरात वाचलं. सोबत संकल्पचित्रही छापलं होतं. चौकात खांबावर उभ्या असलेल्या हवाई दलाच्या निवृत्त मिग-२१ लढाऊ विमानाला झगझगीत तिरंगी रंग, पंखांच्या कडेने एलईडीच्या माळा, मागच्या नळकांड्यातून कारंजं, आणि कॉकपिटपर्यंत लोखंडी जिना, म्हणजे लोकांना आत बसून सेल्फी काढता येईल. पोटाखाली प्रायोजकाचं नाव. या ठरावावर सभेत कोणी एक शब्द बोललं नाही, असंही त्याच बातमीत होतं.

मी पालिकेत अर्ज देऊन पाहिला. आवकचा शिक्का मिळाला, उत्तर मिळालं नाही. बांधकाम विभागात गेलो तर एका साहेबांनी विचारलं, "काका, तुमचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर त्यांना उभ्या उभ्या देता आलं नसतं, म्हणून हे पत्र, आणि ते सगळ्या गावासमोर.

मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर होतो, म्हणजे विमानाचा सांगाडा आणि पत्रा सांभाळणारा. सांबऱ्याला रंगरूट म्हणून घासून निघालो, तांबरमला ट्रेड शिकलो आणि तिथून थेट मिग-२१ च्या स्क्वाड्रनमध्ये पडलो. पुढची बरीचशी नोकरी याच विमानाच्या पोटाखाली, पाठीवर आणि पंखांवर गेली. विमान एकदाही चालवलं नाही. चालवणारे वेगळे. आम्ही ते उडण्याजोगं ठेवणारे.

हे इंटरसेप्टर विमान आहे, म्हणजे शत्रूचं विमान दिसलं की झेप घेऊन त्याला गाठायचं, हे त्याचं मूळ काम. त्यासाठी धावपट्टीच्या टोकाला ओआरपीवर, म्हणजे तातडीने उडण्याच्या तयारीच्या जागेवर, विमानं भरून, शस्त्रं लावून कायम उभी. पायलट जी-सूट चढवून शेजारच्या खोलीत कॅरम खेळतोय, आणि आम्ही विमानाजवळ. हूटर वाजला की कॅरमच्या सोंगट्या तिथेच. पायलट शिडीवर चढेपर्यंत पॉवरची गाडी जोडलेली असायची. एकजण त्याचे पट्टे आवळतोय, एकजण सीटच्या लाल फितीवाल्या सेफ्टी पिना काढून त्याच्या डोळ्यांसमोर धरतोय, कारण त्या मोजून बघितल्याशिवाय तो हलत नाही. शिडी गेली, हुड म्हणजे कॉकपिटचं काचेचं झाकण बंद, चाकांचे चोक काढले, सलाम, आणि विमान निघालं. मग रिहीट लागायची, म्हणजे मागच्या नळकांड्यात जादा इंधन पेटायचं. छातीच्या पिंजऱ्यात हादरा बसायचा आणि काही क्षणांत आकाशात फक्त धुराची रेघ उरायची. हे सगळं काही मिनिटांत. त्यानंतर आमच्याकडे काम एकच, वाट बघणं.

परत येताना नजर शेपटीवर. हे विमान उतरतं तेव्हा ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेग असतो आणि नुसत्या चाकांच्या ब्रेकवर ते धावपट्टीत थांबवणं अवघड. म्हणून शेपटीच्या मुळाशी ब्रेक पॅराशूट. चाकं टेकली, पॅराशूट फुललं, की आमचा श्वास सुटायचा. नाही फुललं तर धावपट्टीच्या टोकाला जाळी उभी असते, आणि मग दिवसभर चौकशी. पुढे ते पॅराशूट पायलट धावपट्टीबाहेर पडताना सोडून द्यायचा, गाडी घेऊन पोरं उचलून आणायची. तेजपूरला पावसाळ्यात ते चिखलाने माखलेलं यायचं. धुवायचं, वाळवायचं, दोऱ्या एकेक करून सोडवायच्या, घडी घालायची आणि गुडघ्याने दाबून डब्यात बसवायचं. दाबताना एक दोरी जरी आडवी गेली तरी पुढच्या लँडिंगला पायलटच्या जिवाशी गाठ. ते डबे बसवणारी पोरं वीस-बावीस वर्षांची असायची, आणि कोणी बोलायला गेलं तर हात वर करून गप्प बसवायची. घडी पूर्ण होईपर्यंत बोलायचं नाही, हा अलिखित नियम.

उत्तरलाईला गोष्ट निराळी. वाळवंटातलं ऊन. दुपारी पत्र्याला हात लावला की फोड यायचा, पान्हा सावलीत ठेवला नाही तर धरवत नसे. म्हणून अवजड कामं पहाटे. हातमोजे घालायची सोय नव्हती, कारण या विमानाची पॅनलं इतकी लहान की उघडा हातच जेमतेम आत जायचा. आत काय आहे ते दिसायचं नाही. बोटांनी चाचपून लॉक वायर, म्हणजे बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून बांधायची तार, ओवायची, पिळायची आणि टोक वळवायचं. माझ्या डाव्या मनगटावर अजून पांढऱ्या रेघा आहेत. सगळ्या एअरफ्रेमवाल्यांच्या असतात. भेटलो की आधी एकमेकांची मनगटं बघतो आणि हसतो.

इंजिन काढायचं म्हटलं की विमानाचा मागचा अर्धा भागच सोडवावा लागायचा. बोल्ट काढले की शेपटीसकट मागचं धूड ट्रॉलीवर मागे सरकायचं आणि इंजिन उघडं पडायचं. अशा वेळी एअरफ्रेमवाले आणि इंजिनवाले यांची जुंपायची नाही असं झालं नाही. "तुमच्या पाइपने आमचा पत्रा घासला", "तुमच्या पत्र्याने आमचा पाइप दाबला." वॉरंट साहेब मधे पडायचे, दोघांना चहाला पाठवायचे. तोच चहा पीत पुन्हा दोघं मिळून ते जोडायचो. जोडून झालं की एकाने आरसा आणि टॉर्च घेऊन दुसऱ्याचं काम तपासायचं. हत्यारं बोर्डावर परत लागली पाहिजेत, प्रत्येकाची सावली रंगवलेली असते, एक पान्हा कमी असला तर विमान उडणार नाही. मग तो सापडेपर्यंत कोणी घरी नाही, साहेबसुद्धा नाही.

एवढं झाल्यावर फॉर्म ७००. प्रत्येक विमानाचं हे स्वतःचं दप्तर. एअरफ्रेम, इंजिन, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंट, रेडिओ, आर्मामेंट, ज्याने जे काम केलं त्याने त्याची सही करायची. सगळ्यांच्या सह्या झाल्या की पायलट शेवटची सही करून विमान ताब्यात घेतो. म्हणजे आमच्या सहीवर तो जीव टाकतो. २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला मिग-२१ चा निरोप समारंभ झाला, तेव्हा हवाई दल प्रमुखांनी संरक्षणमंत्र्यांच्या हाती फॉर्म ७०० सुपूर्द केला. टीव्हीवर ते बघताना घरच्यांना कळेना की एका जुन्या वहीसाठी मी आवाज का वाढवला.

आता मुद्द्यावर येतो. माझ्या तक्रारी तुमच्या सुशोभीकरणाबद्दल जेवढ्या आहेत, तेवढ्याच त्याआधीच्या हेळसांडीबद्दल आहेत.

पहिली तक्रार फलकाची. चौकातल्या संगमरवरी फलकावर कोरलं आहे की या विमानाने १९६५ च्या युद्धात पराक्रम गाजवला. हे खरं असणं शक्य नाही. आपल्या चौकातलं विमान मिग-२१ बिस आहे, आम्ही टाइप ७५ म्हणायचो. पाठीचा कणा जाड आहे, हुड उजवीकडे कलून उघडतं, पोटात तोफेची जागा आहे. हा प्रकार आपल्या हवाई दलात आला तो सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात. मिग-२१ आपल्याकडे १९६३ साली पहिल्यांदा आलं, चंडीगडच्या २८ स्क्वाड्रनमध्ये, आणि ६५ च्या युद्धात ही विमानं मोजकीच होती. पराक्रम लिहायचाच असेल तर भरपूर आहे, फक्त खरा लिहा. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर हल्ला केला तो मिग-२१ नी. त्याच्या दोन दिवस आधी जामनगरच्या मिग-२१ ने कच्छच्या आखातावर पाकिस्तानचं एफ-१०४ स्टारफायटर पाडलं. ती दोन्ही कामं जुन्या एफएल प्रकाराची. बिसचं नाव हवं असेल तर ऑगस्ट १९९९ मध्ये कच्छच्या सीमेवर पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक विमान पाडलं, ते मिग-२१ बिसनेच. शाळेच्या सहली इथे येतात, मुलं फलक वहीत उतरवून घेतात. चुकीचा इतिहास आपण संगमरवरात कोरून ठेवला आहे.

आणि त्या फलकावर नाशिकचा उल्लेखसुद्धा नाही, याचं मला सगळ्यात नवल वाटतं. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझरला मिगचा कारखाना उभा राहिला. इंजिनं ओडिशात कोरापूटला, विमानाचा सांगाडा आणि जोडणी ओझरला. भारताने जी आठशेहून अधिक मिग-२१ वापरली, त्यांतली साडेसहाशेच्या आसपास एचएएल या सरकारी विमान कंपनीने बनवली. आपल्याच तालुक्यातल्या किती घरांत ओझरची नोकरी होती! त्या घरांतल्या माणसांनी ठोकलेले रिव्हेट त्या चौकात असतील. गावाला आपलं नातं सांगायला एवढी सरळ गोष्ट हाताशी असताना आपण ६५ ची दंतकथा लिहीत बसलो.

दुसरी तक्रार नंबराची. हवाई दलाचं प्रत्येक विमान नंबरावरून ओळखलं जातं. मिग-२१ बिसचा नंबर इंग्रजी 'सी' अक्षराने सुरू व्हायचा. पालिकेने मागे कधीतरी लोखंडी गेटला मारतात तो चंदेरी रंग विमानावर मारला, त्यात नंबर झाकला गेला. हवाई दलाचं वर्तुळ पुन्हा रंगवलं ते कोणाच्या तरी अंदाजाने, आणि शेपटीवरच्या तिरंग्यातल्या पट्ट्यांची जाडी एकीकडे एक, दुसरीकडे दुसरी. नंबर नसल्यामुळे आज कोणी सांगू शकत नाही की हे विमान कोणत्या स्क्वाड्रनचं, कुठे कुठे राहिलं, किती तास उडालं. माझ्या हाताखालून गेलेल्यांपैकी आहे की नाही, हे मलाही सांगता येत नाही. पॅनलांच्या आतल्या बाजूला बहुधा नंबर ठोकलेले सापडतील. उघडून बघायला अर्धा तास पुरेल. कोणी उघडलं नाही.

तिसरी तक्रार देखभालीची, आणि इथे जरा तांत्रिक लिहितो, कारण ठराव करणाऱ्यांना हे कोणी सांगितलेलं दिसत नाही. विमानाचा पत्रा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. तो गंजतो तेव्हा लोखंडासारखा लाल होत नाही, पांढरी भुकटी सुटते, पापुद्रे उठतात, म्हणून लांबून कळत नाही. विमानाच्या पोटाला पाणी निघून जायला भोकं असतात. आपल्या विमानाची ती भोकं रंगाने आणि धुळीने बुजली आहेत. पुढच्या तोंडात पारव्यांची वस्ती, त्यांची विष्ठा पत्रा खाते. नाकावरच्या पिटो ट्यूबचा, म्हणजे हवेचा वेग मोजणाऱ्या नळीचा, दांडा वाकला आहे, कारण गणपतीत आणि निवडणुकीत बॅनरच्या दोऱ्या त्याला बांधल्या. आता या पत्र्यावर, आतली भुकटी न खरवडता, प्रायमर न लावता नुसता तिरंगी रंग चढवणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीवर चुना मारणं. रंगाखाली ओल कोंडेल आणि गंज आणखी वेगाने धावेल.

एलईडीच्या पट्ट्या लावायला ठेकेदार पंखाला ड्रिलने भोकं पाडणार. प्रत्येक भोक म्हणजे पाणी आत जायची वाट. त्यात लोखंडी स्क्रू. लोखंड आणि अॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून ओले राहिले की अॅल्युमिनियम झिजत जातं, ही आयटीआयच्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट आहे. जिन्याचं तेच, तो क्लॅम्पने कॉकपिटच्या कडेला आवळणार. आणि कारंजं! ज्या नळकांड्यातून रिहीटमध्ये सात टनांहून जास्त रेटा निघायचा, त्यातून बोअरचं खारं पाणी चोवीस तास टपकणार. दोन पावसाळ्यांत शेपटीचा सांधा पोकळ होईल. हे विमान खांबावर उभं आहे आणि खाली रिक्षा स्टँड आहे, एवढं ध्यानात घ्यावं. हा नुसता माझ्या भावनेचा प्रश्न नाही.

चौथी तक्रार प्रायोजकाच्या नावाची. यावर फार लिहीत नाही. हवाई दलाच्या विमानाच्या पोटावर बिल्डरचं नाव लिहायचं की नाही हे ज्याला विचारावं लागतं, त्याला सांगून उपयोग नाही.

सभेनंतर एका सदस्यांनी पत्रकारांशी बोलताना म्हटलं, "असंही ते उडती शवपेटीच होतं." छापून आलं आहे, म्हणून उत्तर देतो. अपघात झाले, पुष्कळ झाले. सहा दशकांत चारशेहून अधिक मिग-२१ गेली आणि त्यांच्यासोबत दीडशेहून जास्त पायलट. हे मी नाकारत नाही, नाकारणार तरी कसं? ज्या दिवशी विमान परतत नसे त्या दिवशी सगळ्यात आधी फॉर्म ७०० सीलबंद व्हायचा, आणि त्यात ज्यांच्या सह्या, त्यांची रात्र कशी जायची ते त्या सदस्यांना ठाऊक नाही. सकाळी आपणच पट्टे आवळलेले असायचे. मेसमध्ये त्या दिवशी ताटं तशीच परत जायची. पण जे इतकी दशकं वापरावं लागलं, कारण त्याची जागा घ्यायला वेळेत दुसरं आलं नाही, त्याला शिवी देऊन हात झटकणं सोपं आहे. त्या पायलटांसाठी तरी हे विमान चौकात नीट उभं राहिलं पाहिजे. त्याला रोषणाई लावून आत सेल्फी काढायला बसणं मला पटत नाही. तुम्हाला पटतं का, हे प्रत्येक सदस्याने स्वतःला विचारावं.

आता मागण्या. ठरावाला स्थगिती द्या आणि निविदा निघाली असेल तर थांबवा. हवाई दलाच्या जवळच्या तळाला पत्र लिहून विमानाची नोंद मागवा, नंबर शोधा आणि मूळ रंगसंगतीत, प्रायमरसकट रंगकाम करा. पाण्याची भोकं मोकळी करा, पुढचं तोंड आणि मागचं नळकांडं जाळीने बंद करा, हुडच्या काचेला तडा गेलाय तिथून आत पाणी जातंय, तिकडे पहिल्यांदा बघा. कारंजं हवंच असेल तर चौकाच्या दुसऱ्या टोकाला बांधा, जागा आहे. उजेडासाठी जमिनीवरून दोन दिवे पुरतील, विमानाला एकही भोक पडू नये. बॅनर बांधणाऱ्यांना दंड लावा, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत. फलक बदला आणि नव्या फलकावर पायलटांबरोबर ओझर आणि कोरापूटचे कामगार आणि हवाई दलाचे जमिनीवरचे तंत्रज्ञ यांचाही एका ओळीत उल्लेख करा. नावं नकोत. एक ओळ हवी.

आपल्याकडे शासकीय आयटीआय आहे, तिथे फिटरचा ट्रेड आहे. पोरांना वर्षातून एकदा या विमानाची तपासणी करायला लावा. रिव्हेट कसा असतो, पत्र्याला पत्रा कसा जोडतात, लॉक वायर का पिळतात, हे त्यांना दुसरीकडे कुठे हाताळायला मिळणार? आम्ही शिकवू, मानधन नको.

आणि यातलं काहीच करायची पालिकेची तयारी नसेल, पैसा नसेल, इच्छा नसेल, तर तसा ठराव करा आणि विमान हवाई दलाला सन्मानाने परत द्या. कुठल्या तरी तंत्रनिकेतनाच्या आवारात शेडखाली ते बरं राहील.

गावात आणि आसपासच्या खेड्यांत आम्ही हवाई दलातून निवृत्त झालेले काहीजण आहोत. त्यात एक इंजिनवाला आहे, एक इलेक्ट्रिकलचा, एक आर्मामेंटचा. आमचं बोलणं झालं आहे. तुम्ही लेखी परवानगी द्या, पुढच्या कोणत्याही रविवारी सकाळी सातला आम्ही चौकात येतो, आधी पारवे हलवतो, भोकं मोकळी करतो आणि पॅनल उघडून नंबर बघतो. हत्यारं आमची. एवढी उंच शिडी मात्र आमच्याकडे नाही, अग्निशमन विभागाची द्यावी, आणि पाण्याचा एक टँकर. विमान धुवायला गोडं पाणी लागेल, बोअरचं नको.

कळावे,

आपल्याच गावचा एक निवृत्त एअरफ्रेम फिटर,
भारतीय हवाई दल